सोनिक लॉगवरून सच्छिद्रता: १८, ४१ आणि ९ यांतला खरा आकडा कुठला?

तुझा प्रश्न दोनदा वाचला, पोरी. तू निपाणीची, धारवाडला भूविज्ञानात एम.एस्सी. करतेस आणि प्रॅक्टिकलसाठी एका तेलविहिरीचे लॉग, म्हणजे खोलीप्रमाणे घेतलेल्या मापांच्या पट्ट्या, तुझ्या हातात आलेत. वरच्या वाळूत सोनिक, म्हणजे आवाजाला लागणारा वेळ मोजणारा लॉग, ११० मायक्रोसेकंद प्रति फूट दाखवतो, मधल्या वालुकाश्मात ८० आणि खालच्या चुनखडकात ६०. पाठ केलेल्या सूत्राने तुला अनुक्रमे ४१, १८ आणि ९ टक्के सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या छिद्रांचा हिस्सा, मिळाली. खडकाची घनता मोजणाऱ्या डेन्सिटी लॉगवरून मात्र ३३, १८ आणि १५ आली. तिन्हीपैकी एकच जागा जुळली. "काका, चुकलं कोण? सोनिक, डेन्सिटी की मी?" असं तू विचारलंस. आणि शेवटी हेही विचारलंस, की आपल्या निपाणी-चिकोडीकडच्या बोअरमध्ये हा लॉग घेता येईल का.

मी सव्वीस वर्षं विहिरींचे लॉग वाचले, त्यातली बहुतेक समुद्रातल्या विहिरींवर. आता बेळगावात टिळकवाडीत असतो. तेव्हा जरा सविस्तर लिहितो, कारण या एका प्रश्नात या लॉगची जवळजवळ सगळी गोम आली आहे.

सोनिक उपकरण सच्छिद्रता मोजत नाही, वेळ मोजतं. केबलला टांगलेली ती एक लांब नळी असते. तिच्यात आवाजाचा ठोका सोडणारे ट्रान्समीटर आणि तो ऐकणारे रिसीव्हर बसवलेले असतात. ठोका विहिरीत भरलेल्या खोदकामाच्या चिखलातून भिंतीत शिरतो, भिंतीलगतच्या खडकातून धावतो आणि पुन्हा चिखलातून रिसीव्हरपर्यंत येतो. एकमेकांपासून दोन फुटांवरच्या दोन रिसीव्हरांना तो किती फरकाने ऐकू आला ते बघायचं आणि दोनाने भागायचं, की एका फुटाला लागलेला वेळ मिळतो. चिखलातला प्रवास दोघांना सारखाच असतो, म्हणून वजाबाकीत तो जातो. उपकरण कललं किंवा विहीर मध्येच रुंद झाली तर ही वजाबाकी बिघडते. म्हणून वर एक आणि खाली एक असे दोन ट्रान्समीटर ठेवून दोन्ही बाजूंच्या मापांची सरासरी घेतात. बोअरहोल कॉम्पेन्सेटेड म्हणतात ते हेच.

आता वेळेवरून सच्छिद्रता कशी काढायची? निपाणीहून बेळगावला बसने येताना तवंदीच्या घाटात गाडी मंदावते आणि घाट संपला की हायवेवर पळते. एकूण वेळ म्हणजे घाटातला वेळ अधिक सपाटीवरचा वेळ. घाटात किलोमीटरला किती मिनिटं आणि सपाटीवर किती हे माहीत असेल, तर नुसत्या एकूण वेळेवरून रस्त्याचा कितवा हिस्सा घाट आहे ते सांगता येतं. वायली, ग्रेगरी आणि गार्डनर यांनी १९५६ मध्ये मांडलेलं टाइम-अ‍ॅव्हरेज सूत्र एवढंच म्हणतं. खडकाच्या कणांतून आवाज पळतो, छिद्रातल्या पाण्यातून रेंगाळतो. लॉगवरच्या वेळेतून कणांचा, म्हणजे मॅट्रिक्सचा वेळ वजा करायचा. द्रवाच्या वेळेतूनही मॅट्रिक्सचा वेळ वजा करायचा. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं.

गोड्या पाण्याच्या चिखलासाठी द्रवाचा आकडा १८९ धरतात. वालुकाश्माच्या मॅट्रिक्सला ५१ ते ५५.५, चुनखडकाला ४७.५, डोलोमाइटला, म्हणजे चुनखडकाच्याच कुळातल्या मॅग्नेशियमच्या खडकाला, ४३.५. वेग हवा असेल तर ३,०४,८०० ला या आकड्याने भाग, मीटर प्रति सेकंद मिळतील: ५५.५ म्हणजे साधारण ५,४९० आणि १८९ म्हणजे साधारण १,६१०. कण आणि पाणी यांच्यातली ही तिपटीहून मोठी तफावत आहे म्हणूनच ही पद्धत चालते.

इथे थांबून तुझ्या मधल्या थराकडे बघ, कारण तिथे आकडे जुळले म्हणून तू तो सोडून दिलास. ८० मधून ५५.५ गेले, २४.५ उरले. १८९ मधून ५५.५ गेले, १३३.५ उरले. भागाकार १८ टक्क्यांच्या थोडा वर. पण वालुकाश्म घट्ट, चांगला सिमेंट झालेला असेल तर मॅट्रिक्स ५१ धरावं लागतं, आणि मग उत्तर २१ येतं. कुणी चुकून त्याला चुनखडक समजलं तर २३. लॉग तोच, ठोका तोच, उत्तर १८ ते २३ पर्यंत फिरलं. ते फिरवलं आपण, वहीत खडकाचं नाव लिहिताना.

हा तीन टक्क्यांचा फरक किरकोळ वाटत असेल तर पुढचं गणित करून बघ. आर्चीने १९४२ मध्ये दिलेल्या सूत्रात छिद्रांतला किती हिस्सा पाणी आहे (उरलेलं तेल) ते काढताना सच्छिद्रता भाजकात बसते. घातांक दोन धरला तर १८ ऐवजी २१ घातल्यावर ५० टक्के पाणी ४३ टक्क्यांवर येतं. म्हणजे छिद्रं वाढली आणि छिद्रांतलं तेलही वाढलं. आधी शंभर घनफूट खडकात नऊ घनफूट तेल होतं, आता बारा झालं. खडकाच्या नावाच्या एका चुकीने साठा एक तृतीयांशाने फुगला. त्या आकड्यावर पुढे विहिरी ठरतात आणि माणसं कामाला लागतात, म्हणून मी नव्या पोरांना मॅट्रिक्सच्या बाबतीत कधीच सूट दिली नाही.

आपल्या जिल्ह्यात वाढलेल्या पोरीला हे वेगळं शिकवायला नको खरं तर. निपाणी-चिकोडीकडे काळा बेसाल्ट, खानापूर-जांबोटीकडे जांभा. गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते तो कडा क्वार्ट्झने भरलेल्या वालुकाश्माचा, आणि तिथून फार लांब नसलेल्या यादवाडला चुनखडक. हे शेवटचे दोन्ही कलादगी समूहातले. ज्या गावावरून तो समूह ओळखला जातो ते कलादगी शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. गोकाकच्या दगडाला ५१-५५ चालेल, यादवाडच्या दगडाला ४७.५ लागेल. एका दिवसाच्या सहलीत तुला दोन वेगळी मॅट्रिक्स हातात घेता येतात. लॉग वाचताना हेच डोळ्यांपुढे ठेव: आधी दगड कुठला ते ठरव, मग सूत्राकडे जा. गॅमा रे, डेन्सिटी, न्यूट्रॉन हे दुसरे लॉग आणि खोदताना वर आलेला चुरा हे सगळं त्यासाठीच असतं.

आता तुझी वरची वाळू, जिथे ४१ आले. टाइम-अ‍ॅव्हरेज सूत्र दाबून घट्ट झालेल्या खडकांसाठी ठीक आहे. सुट्या वाळूत कण एकमेकांवर नीट दाबलेले नसतात. एका कणातून दुसऱ्यात जाताना आवाज अडखळतो, म्हणून सूत्राला अपेक्षित असतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि सच्छिद्रता फुगते. ती वाळू पुरेशी दाबली गेली आहे का हे शेजारचा शेल, म्हणजे गाळ-चिखलाचा थरथरांचा दगड, सांगतो. शेल शंभराच्या वर वाचत असेल तर खडक अजून कच्चा आहे असं धरतात आणि मिळालेल्या उत्तराला शेलच्या आकड्याच्या शंभराव्या भागाने भागतात. तू पाठवलेल्या पट्टीवर वाळूला लागूनच असलेला शेल १२० दाखवतो. ४१ भागिले १.२ म्हणजे ३४. डेन्सिटीचे ३३ आणि हे ३४ एकाच घरचे झाले.

दुसरा रस्ता रेमर, हंट आणि गार्डनर यांचा, १९८० चा. त्यांनी खूप विहिरींत प्रत्यक्ष काय दिसलं ते बघून संबंध बसवला. त्याचं सोपं रूप असं: लॉगच्या वेळेतून मॅट्रिक्सचा वेळ वजा कर, लॉगच्याच वेळेने भाग, आणि ०.६२५ ते ०.७ यांमधल्या गुणकाने गुण. ०.६७ घेतला तर तुझ्या वाळूत ३३ येतात, शेलची वेगळी दुरुस्ती न करता. मला कच्च्या वाळूत हे सूत्र जास्त पटतं. पण तोच ०.६७ मधल्या वालुकाश्मात घातलास तर साडेवीस येतील, १८ नाहीत, तिथे ०.६२५ ने १९ च्या आसपास येतं. म्हणजे गुणकही आपापल्या खडकाशी जुळवून घ्यावा लागतो. या वाळूत वायू असेल तर सोनिक आणखी फुगतो आणि डेन्सिटीची सच्छिद्रताही वर जाते. अशा वेळी न्यूट्रॉन, म्हणजे हायड्रोजनवरून छिद्रं ओळखणारा लॉग, खाली गेलेला दिसतो. तुझ्या पट्टीवर तसं काही नाही, म्हणून इथे तो विषय वाढवत नाही.

सगळ्यात मोलाचा थर खालचा आहे, जिथे तुला सोनिकने ९ आणि डेन्सिटीने १५ दिले. तू त्यावर लाल पेनाने "चूक" लिहिलंयस. ते खोड.

पुन्हा आपल्या बसकडे ये. ती बस संकेश्वर गावात न शिरता हायवेवरून निघून गेली, तर तिला लागलेल्या वेळेवरून संकेश्वर केवढं आहे ते कळेल का? नाही कळणार. आवाज असाच वागतो. उपकरण पहिल्यांदा पोचलेला ठोका पकडतं आणि पहिला ठोका नेहमी जवळच्या, जलद वाटेने येतो. कणाकणांत विखुरलेली बारीक छिद्रं त्याला चुकवता येत नाहीत, कारण ती सगळीकडेच आहेत. पण चुनखडकात पाण्याने विरघळून झालेली मोठी पोकळी असेल तर तो बाजूच्या घट्ट दगडातून वळसा घालून जातो. डेन्सिटी उपकरणाला वळसा माहीत नाही. ते भिंतीजवळच्या सगळ्या वस्तुमानाचं माप घेतं, मग छिद्र बारीक असो की मोठं. म्हणून सोनिकचे ९ म्हणजे कणांमधली मूळ सच्छिद्रता, डेन्सिटीचे १५ म्हणजे एकूण, आणि मधले ६ ही दुय्यम सच्छिद्रता: पोकळ्या आणि काही प्रमाणात भेगा. दोन लॉगांच्या न जुळण्यातून तुला असं काही समजलं जे दोघांपैकी एकट्याने सांगितलं नसतं.

चुनखडकात हा फरक हौसेने काढण्याचा नाही. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचं मुख्य तेल मायोसीन काळातल्या चुनखडकातच आहे. अशा खडकात नुसत्या सोनिकवर विसंबलं तर चांगला थर कमकुवत ठरवून पुढे जाण्याचा धोका असतो.

फक्त ते ६ टक्के वहीत पक्के करण्याआधी दोन गोष्टी तपास. एक, तो खरंच चुनखडक आहे ना. डोलोमाइट असेल तर मॅट्रिक्सची घनता २.७१ ऐवजी २.८७ आणि वेळ ४७.५ ऐवजी ४३.५ धरावा लागेल. मग सोनिक ११ आणि डेन्सिटी २२ देईल. फरक नाहीसा होत नाही, उलट वाढतो, पण आकडे सगळे बदलतात. डेन्सिटी उपकरणासोबत फोटोइलेक्ट्रिक वक्र असेल तर तो बघ: चुनखडकात पाचाच्या आसपास, डोलोमाइटमध्ये तीन, वालुकाश्मात दोनच्या आत. दोन, कॅलिपर, म्हणजे विहिरीची रुंदी मोजणारा लॉग. विहीर तिथे ढासळून रुंद झाली असेल तर डेन्सिटी उपकरणाचा पॅड भिंतीला टेकत नाही, मधला चिखल मोजतो आणि खोटी सच्छिद्रता दाखवतो. तुझ्या पट्टीवर कॅलिपर तिथे सरळ आहे. म्हणून मी तुझे ६ मानतो.

कॅलिपरबद्दल इतकं बोलतो त्याला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका विहिरीत सोनिकवर चार मीटरचा झकास उसळलेला भाग दिसला, सच्छिद्रता तीस टक्के. मी तो अहवालात चांगला थर म्हणून लिहिला. वरिष्ठांनी काही न बोलता कॅलिपरची पट्टी काढून माझ्या पट्टीशेजारी ठेवली. साडेआठ इंची बिटने खोदलेली विहीर तिथे चौदा इंच झाली होती. तो थर नव्हताच. शेल ढासळला होता आणि ठोका इतका अशक्त होऊन पोचत होता, की लांबच्या रिसीव्हरचा पहिला शेंडा हुकून त्याने पुढचा पकडला होता. याला सायकल स्किपिंग म्हणतात. २० किलोहर्ट्झच्या ठोक्याचं एक आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचं असतं. एक आवर्तन हुकलं की दोन फुटांत ५० ची चूक, म्हणजे फुटाला २५. सरासरीतल्या एकाच जोडीत झालं तर साडेबारा. वालुकाश्मात २५ ची चूक म्हणजे जवळजवळ १९ टक्के खोटी सच्छिद्रता. लॉगवर अशी टोकदार, एकाएकी येऊन जाणारी उसळी दिसली की आधी तिच्यावर संशय घे. वायू, भेगा आणि ढासळलेली भिंत या तिन्ही ठिकाणी ती येते. त्यातल्या पहिल्या दोन कामाच्या असू शकतात, म्हणून उसळी पुसूनही टाकू नकोस. पण तिथला सच्छिद्रतेचा आकडा मात्र वापरू नकोस.

उपकरण ठीक आहे ना, याची सोपी परीक्षा केसिंगमध्ये होते. सिमेंट न लागलेल्या लोखंडी पाइपात सोनिक ५७ वाचायलाच हवा. विहिरीतून उपकरण वर काढताना शेवटचे काही फूट केसिंगमधले घेतात ते त्यासाठी. लॉगच्या माथ्यावर ५७ नसेल तर खालचं काहीही वाचण्यात अर्थ नाही.

आता आपल्याकडच्या बोअरबद्दल. सोनिकला विहिरीत पाणी किंवा चिखल भरलेला लागतो. आपल्याकडे कंप्रेसरच्या हवेने साडेसहा इंची बोअर मारतात. मुरूम संपेपर्यंत केसिंग, खाली उघडा काळा पाषाण. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खूप खाली जाते आणि वरचा कोरडा भाग सोनिकला दिसतच नाही. पाण्याखालच्या भागात बारीक व्यासाचं उपकरण उतरवता येतं. पण मग सूत्राचं काय? घट्ट बेसाल्ट साधारण ५० ते ६० वाचतो. छिद्रांच्या बेसाल्टमध्ये ती छिद्रं वायूचे बुडबुडे गोठून झालेली असतात. पुष्कळशी एकमेकांना जोडलेली नसतात आणि बऱ्याच जागी झिओलाइट किंवा कॅल्साइट या खनिजांनी भरलेली असतात. न्यूट्रॉन लॉग तर इथे चांगलाच फसतो, कारण झिओलाइटच्या स्फटिकातच पाणी असतं आणि त्याला ते छिद्रातल्या पाण्यासारखंच दिसतं. वायलीचं सूत्र इथे लावून टक्के काढण्यात काही हशील नाही. आपल्या बोअरला पाणी लागतं ते भेगांतून आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यातून. वेळ कुठे एकदम वाढतो आणि विहिरीच्या भिंतीलगत धावणारी स्टोनली लाट कुठे दुबळी होते, ते बघितलं तर अशा उघड्या भेगा सापडू शकतात. अभ्यासासाठी हे छान आहे. शेतकऱ्याला मात्र हा खर्च करायला सांगू नकोस. बोअर मारताना किती फुटांवर पाणी वाढलं आणि चुऱ्याचा रंग कुठे बदलला, एवढं त्याने त्याच वेळी वहीत लिहून घेतलं तरी त्याचं काम भागतं.

तुझ्यासाठी याहून चांगला उद्योग सांगतो. गोकाककडच्या खाणीतला वालुकाश्माचा तुकडा, जांबोटीचा जांभ्याचा चिरा आणि तुमच्या निपाणीकडचा छिद्रांचा बेसाल्ट असे तीन नमुने आण. प्रत्येक किमान दहा सेंटिमीटर लांब हवा आणि दोन्ही टोकं कापून सपाट केलेली हवीत. भट्टीत वाळवून वजन कर. मग पाण्यात बुडवून ठेव, शक्य असेल तर व्हॅक्यूमखाली, आणि भिजल्यावर दोनदा वजन कर, एकदा हवेत आणि एकदा पाण्यात लटकवून. भिजलेल्यातून कोरडं वजा केलं की छिद्रांतलं पाणी, भिजलेल्यातून पाण्यातलं वजा केलं की दगडाचं एकूण आकारमान. समजा कोरडा ५२० ग्रॅम, भिजून ५४५, पाण्यात ३२५: तर २५ भागिले २२०, म्हणजे ११ टक्क्यांच्या वर. मग एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजच्या सिव्हिल विभागात जा. काँक्रीट तपासायचं अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी यंत्र तिथे बहुधा असतं. नमुना भिजलेलाच ठेवून त्यातून आवाजाला लागणारा वेळ मोज. कोरडा ठेवलास तर छिद्रांतली हवा वेळ वाढवेल आणि तुलना बिघडेल.

खानापूरचा माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, खणखणला तर घेतो. तेच हे, फक्त आकड्यांत. गोकाकच्या दगडात सोनिकची सच्छिद्रता आणि वजनाची सच्छिद्रता जवळ येतील. जांभ्यात आणि बेसाल्टमध्ये त्या दूर जातील, आणि किती दूर जातात तेच बघायचंय. वालुकाश्माचे सात-आठ वेगवेगळे तुकडे मिळाले तर आलेखावर आडवी सच्छिद्रता आणि उभा वेळ घे, बिंदूंमधून रेघ काढ आणि ती शून्य सच्छिद्रतेपर्यंत मागे ने. जिथे ती उभ्या अक्षाला लागेल तो तुझ्या दगडाचा स्वतःचा मॅट्रिक्स वेळ. पुस्तकातल्या ५१ किंवा ५५.५ पेक्षा तो मला जास्त हवा आहे. रेघ काढलीस की मला पाठव, आणि प्रत्येक तुकडा कुठल्या खाणीतला, किती खोलीवरचा, ते त्याच कागदावर लिही.